लायसन्स खिशात आहे, पण चालू आहे का?

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ज्या गप्पा रंगतात, त्यात 'वीकएंडला मामाने पकडलं' हा हमखास हिट विषय. कुणी सिग्नल तोडलेला असतो, कुणी राँग साइडने शॉर्टकट मारलेला असतो, तर कुणी ट्रिपल सीट सापडलेलं असतं. मग पहिला प्रश्न ठरलेला. किती गेले? पाचशे? हजार? पावत्यांची तुलना होते, दोन-चार विनोद होतात, चहा संपतो आणि सगळे आपापल्या डेस्कवर. पैसे भरले, विषय संपला!

पण विषय खरंच तिथे संपतो का?

या लेखाच्या निमित्ताने मी मोटार वाहन कायद्याची लायसन्सवाली प्रकरणं वाचून काढली. (झोप येईल असं वाटलं होतं, उलट उडालीच.) आरटीओच्या बाकड्यांवर दोन-तीन दुपारी घालवल्या, तिथे आलेल्यांशी बोलले. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. या सगळ्या मामल्यात दंड हा सगळ्यात स्वस्त भाग आहे. महाग आहे ते लायसन्स. आणि ते आपल्या मालकीचं नाहीच मुळी! सरकारने आपल्यावर विश्वास टाकून दिलेली ती परवानगी आहे. म्हणून तर मराठीत त्याला 'परवाना' म्हणतात. दिलेली परवानगी काढून घेता येते आणि कधीकधी ती आपल्या नकळत संपतेसुद्धा.

'ते आठ' गुन्हे

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. तेव्हा सगळीकडे चर्चा झाली ती वाढलेल्या दंडाच्या आकड्यांची. महाराष्ट्रात हे नवे दर लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. पण त्याच दुरुस्तीतलं कलम २०६ फारसं कुणी वाचलं नाही. त्यात आठ गुन्ह्यांची यादी आहे. यापैकी काही केल्याचं पोलिसांना दिसलं, तर त्यांनी लायसन्स ताब्यात घेऊन ते आरटीओकडे पाठवायचं असं कायदा सांगतो.

ही यादी अशी : वेगमर्यादा ओलांडणं, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन गाडी चालवणं, रस्त्यावर शर्यत लावणं, असुरक्षित अवस्थेतली गाडी चालवणं, ट्रिपल सीट, हेल्मेट न घालणं आणि अ‍ॅम्ब्युलन्स किंवा फायर ब्रिगेडला वाट न देणं.

यादी वाचून 'मी यातलं काहीच करत नाही बुवा' असं वाटलं असेल, तर जरा थांबा. 'धोकादायक ड्रायव्हिंग' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला पाठलाग येतो. कायद्याच्या डोळ्यांपुढे मात्र आपण येतो! सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून गाडी चालवणं, चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक करणं आणि वाहतुकीच्या उलट दिशेने, म्हणजे राँग साइडने जाणं, हे सगळं कलम १८४ च्या स्पष्टीकरणात नावानिशी लिहिलेलं आहे. 'पुढच्या यू-टर्नला वळसा पडतो, म्हणून जरा कडेकडेने' हा आपला लाडका फंडा थेट धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतो.

(मोबाइलला एक सूट आहे. रस्ता शोधण्यापुरता मॅप वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. एका हाताने 'पाच मिनिटांत पोचतोय' टाइप करणं यात बसत नाही.)

लायसन्स आरटीओकडे गेलं की पुढे काय? दुरुस्तीने कायद्यात लिहिलंय ते असं : पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने अपात्र. दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स रद्दच. हेल्मेट आणि ट्रिपल सीटच्या कलमांमध्ये तर दंडाच्या जोडीला तीन महिन्यांची अपात्रता थेट लिहूनच टाकली आहे. आणि हे फक्त २०१९ पासूनचं नाही. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्येच सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की अतिवेग, सिग्नल तोडणं, मद्यपान, गाडी चालवताना मोबाइल अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने लायसन्स सस्पेंड करा.

कार्ड पाकिटात, लायसन्स सर्व्हरवर

आता माझ्या मावसभावाची गोष्ट. मूळचा कराडचा, नोकरी हिंजवडीत, राहायला वाकडला तिघांत एक फ्लॅट. लायसन्स अठराव्या वर्षी गावी काढलेलं, त्यामुळे पत्ता कराडचा. एक दिवस बाणेर रोडला बाइक चालवताना कानाला फोन लावलेला सापडला. दंड भरला, मित्रांना किस्सा सांगितला, विसरला.

दोन महिन्यांनी काकांचा फोन. 'अरे, आरटीओचं पत्र येऊन पडलंय इथे. काय उद्योग केलेस?' पत्र म्हणजे कारणे दाखवा नोटीस होती आणि त्यातली बाजू मांडण्याची तारीख केव्हाच उलटून गेली होती. लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं होतं. साहेबांचं पहिलं वाक्य काय असावं? 'पण कार्ड तर माझ्या पाकिटातच आहे!'

इथेच आपल्यापैकी बहुतेकांची गल्लत होते. प्लॅस्टिकचं कार्ड म्हणजे लायसन्सचा नुसता फोटो समजा. खरं लायसन्स आहे ते परिवहन खात्याच्या 'सारथी' या ऑनलाइन नोंदीत. आपल्याला डिजिलॉकर आणि एम-परिवहन आवडतं, कारण कार्ड घरी विसरलं तरी चालतं. पण सोय दोन्ही बाजूंनी असते! कार्ड पोलिसांनी हातात न घेताही ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनुसार निलंबनाची आणि रद्द झाल्याची नोंद पोर्टलवर होते. पुढच्या चौकातल्या मामाने नंबर टाकला की त्याला ती दिसते. मावसभावाने परिवहनच्या साइटवर स्वतःच्या लायसन्सचं स्टेटस पाहिलं तेव्हा कुठे त्याचा चेहरा पडला.

पुढचे तीन महिने त्याने पीएमपीएमएलची बस, शेअर रिक्षा आणि टीममधल्या एकीच्या गाडीतली मागची सीट यांवर काढले. मावशीचं मत विचाराल तर 'बरं झालं, तीन महिने मला रात्री शांत झोप लागली.'

गप्प बसू नका, जाऊन बोला

त्याची खरी संधी हुकली ती कराडला पडून राहिलेल्या पत्रामुळे. कारण लायसन्स असं परस्पर काढून घेता येत नाही. कलम १९ प्रमाणे आरटीओतल्या अधिकाऱ्याने आधी तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यायची असते आणि अपात्र ठरवलंच तर कारणं लेखी द्यायची असतात. त्याच्याविरुद्ध ३० दिवसांत अपीलही करता येतं.

म्हणजे गाडी तुम्ही चालवतच नव्हता, मित्राने नेली होती. फोटोतला नंबर तुमच्या गाडीचा नाही. हॉस्पिटलची इमर्जन्सी होती... जे काही असेल ते कागदपत्रांसह मांडायची हक्काची जागा म्हणजे ही सुनावणी. रस्त्यावर मामाशी हुज्जत घालण्यात जी एनर्जी आपण वाया घालवतो, त्याच्या निम्मी इथे लावली तर उपयोग होईल. अर्थात, 'सगळेच करतात' हा बचाव इथेही चालत नाही.

पण नोटीस मिळाली तर ना! आपल्या पिढीचा हा खास प्रॉब्लेम आहे. आपण दर अकरा महिन्यांनी भाड्याचं घर बदलतो, दर दोन वर्षांनी कंपनी बदलतो आणि सिमकार्ड तर ऑफर बघून बदलतो. लायसन्सवर मात्र अजूनही आजोळचा पत्ता आणि कॉलेजमधला मोबाइल नंबर. पत्ता आणि मोबाइल नंबर दोन्ही ऑनलाइन बदलता येतात. पिझ्झा मागवताना आपण पत्ता जितक्या काळजीने टाकतो, तेवढीच काळजी इथेही घेतली की झालं.

तीन महिने 'हळूच' चालवली तर?

हा प्रश्न मला तिघांनी विचारला, तिघांनीही आवाज खाली आणून. उत्तर सरळ आहे. लायसन्स निलंबित असताना गाडी चालवली तर कलम १८२ लागतं. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. चालू लायसन्स नसलेल्याला गाडी देणाऱ्या मालकालाही कलम १८० प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा 'दे रे तुझी अ‍ॅक्टिव्हा दोन दिवस' म्हणणाऱ्या दोस्ताला आधी स्टेटस विचारा.

पण खरी भीती पोलिसांची नाही, अपघाताची आहे. तुमच्या गाडीच्या इन्शुरन्स पॉलिसीच्या कागदावर 'ड्रायव्हर्स क्लॉज' नावाचा एक छोटा परिच्छेद असतो. (कुणीच वाचत नाही तो.) अपघाताच्या वेळी चालकाकडे वैध लायसन्स असलं पाहिजे आणि तो लायसन्स बाळगायला अपात्र ठरवलेला नसावा, असं त्यात म्हटलेलं असतं. ही अट मोडली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आणि तुमच्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली तर? विमा कंपनीने जखमीला आधी भरपाई द्यायची आणि मग ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची, हा मार्ग सुप्रीम कोर्टाने २००४ च्या स्वर्ण सिंग खटल्यात स्पष्ट केला आहे. थर्ड पार्टीच्या भरपाया लाखांत, कधीकधी कोटीत जातात. होम लोनच्या हप्त्यांत आधीच वाकलेल्या माणसाने हा जुगार खेळू नये.

शनिवार रात्रीचा हिशेब

दारू पिऊन गाडी चालवण्याचं प्रकरण या सगळ्यापेक्षा वेगळं, कारण इथे जागेवर पावती फाडून सुटका नाही. कोर्टाचीच पायरी चढावी लागते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल दिसलं की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय दोषी ठरलात की कोर्टाने किमान सहा महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवायचं, असं कलम २० मध्ये आहे.

'दोन बीअरने मला काही होत नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. मशीनला तुमचा कॉन्फिडन्स मोजता येत नाही, ते फक्त मिलिग्रॅम मोजतं. कॅबचं बिल जास्त वाटत असेल, तर वरचे आकडे पुन्हा एकदा वाचा.

आणि घरात सोळा-सतरा वर्षांचा भाऊ किंवा भाचा असेल, तर त्याच्या हातात किल्ली देण्याआधी पुण्यातलं मे २०२४ मधलं कल्याणीनगरचं प्रकरण आठवा. १७ वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण आयटी इंजिनीअर गेले. जामिनाच्या अटींतल्या ३०० शब्दांच्या निबंधाची देशभर चर्चा झाली. पण कायद्यात त्याहून बरंच काही आहे. कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पंचविशीपर्यंत! म्हणजे अख्खं कॉलेज आणि पहिली नोकरी दुसऱ्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर.

एक्स्पायरी डेट पाहिलीत?

आतापर्यंत गुन्ह्यांबद्दल बोललो. पण एकही नियम न मोडता लायसन्स गमावता येतं. नुसतं विसरून!

२०१९ च्या आधी खासगी गाडीचं लायसन्स २० वर्षं किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, जे आधी येईल तोपर्यंत चालायचं. म्हणजे तुमच्या ज्या सीनिअरने २००६-०७ मध्ये फर्स्ट इयरला असताना लायसन्स काढलं, त्याची वीस वर्षं भरलीत किंवा भरत आलीत. नव्या नियमात तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं. तिशी ते पन्नाशीत काढलं किंवा रिन्यू केलं तर दहा वर्षं.

पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स चालू धरलं जायचं. ती सवलत २०१९ मध्ये गेली. आता तारीख उलटली की दुसऱ्या दिवशीपासून तुमच्याकडे वैध लायसन्स नाही. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून रिन्यू करता येतं. संपल्यावर एक वर्षाच्या आत केलं तरी टेस्ट द्यावी लागत नाही. त्यानंतर मात्र पुन्हा ट्रॅकवर, अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत! चाळिशी ओलांडलेल्यांना सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेटही लागतं.

ऑनसाइट जाणाऱ्यांनी तर हे आधीच पाहून ठेवावं. परदेशात चालवण्यासाठीचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट तुमच्या भारतीय लायसन्सच्या जिवावरच मिळतं आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. आणि तिकडे गेल्यावर आपले लाड होतील असं समजू नका. ब्रिटनमध्ये लायसन्सवर पेनल्टी पॉइंट्स साठतात. तीन वर्षांत १२ झाले की बंदीची वेळ येते. तिथलं नवं लायसन्स काढलेल्याला पहिल्या दोन वर्षांत सहाच पॉइंट पुरतात, लायसन्स रद्द. आणि हातात मोबाइल धरून गाडी चालवण्याचे किती पॉइंट? बरोब्बर सहा!

तीन महिने, तीन हप्ते

आरटीओच्या बाकड्यावर माझ्या शेजारी एक तरुण बसला होता. फूड डिलिव्हरी करणारा. हेल्मेट न घातल्याबद्दल त्याला बोलावलं होतं. हेल्मेट आहे हो, पण दिवसभर घालून डोकं उकळतं, म्हणाला. मी विचारलं, तीन महिने सस्पेंड झालं तर काय करशील? तो म्हणाला, 'ताई, तीन महिने म्हणजे गाडीचे तीन हप्ते. रूमचं भाडं वेगळं.'

माझ्या मावसभावाला त्या तीन महिन्यांत बसचे धक्के खावे लागले. या मुलाची रोजीरोटीच थांबणार होती. कायद्याच्या पुस्तकात दोघांची शिक्षा सारखीच आहे. हे बरोबर की चूक, यावर मी बराच वेळ विचार केला. पण त्याच वेळी एक आकडाही डोक्यातून जात नव्हता. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ५०,००० हून अधिक माणसं दुचाकीवर होती आणि त्यांनी हेल्मेट घातलं नव्हतं. हेल्मेट सक्तीवरून पुण्यात जेवढे मोर्चे निघाले आणि जेवढे विनोद झाले, त्या सगळ्यांपुढे हा आकडा ठेवून पाहा. त्या मुलाचे तीन हप्ते बुडू नयेत असं मला मनापासून वाटतं. त्याचं डोकं शाबूत राहावं असं त्याहून जास्त वाटतं.

सिबिल स्कोअर जसा आपण अधूनमधून चेक करतो, तसंच लायसन्सकडे बघायला हवं. एकदा मिळालं म्हणून आयुष्यभर राहत नाही, रोज थोडं थोडं टिकवावं लागतं.

लायसन्स टिकवायचं तर...

- परिवहनच्या साइटवर नंबर टाकून स्टेटस आणि मुदतीची तारीख आजच पाहा. तारखेच्या सहा महिने आधीचा रिमाइंडर फोनमध्ये टाका.
- पत्ता आणि मोबाइल नंबर अपडेट करा. गावच्या घरी सांगून ठेवा की सरकारी पाकीट आलं तर लगेच फोटो पाठवा.
- ई-चलन आलं तर नुसते पैसे भरू नका, कुठल्या कलमाखाली आहे ते वाचा. 'त्या आठ'पैकी असेल तर सावध व्हा. चलन चुकीचं असेल तर भरण्याआधी तक्रार करा.
- नोटीस आली तर तारखेला हजर राहा. म्हणणं लेखी द्या आणि पोच घ्या.
- निलंबन झालंच तर ते पाळा. आदेशाची प्रत जपून ठेवा आणि मुदत संपल्यावर स्टेटस पुन्हा चालू झाल्याची खात्री करूनच किक मारा.
- 'टेस्ट न देता करून देतो' म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. फसवणुकीने मिळवलेलं लायसन्स रद्द होऊ शकतं, मग ते कितीही जुनं असो.
- हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही लागतं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला!